तीन केबिन, सात माणसं आणि फ्लोरिडाचा पत्ता: क्रूझच्या रहिवासी सवलतीचं एक प्रकरण

आई-बाबा जूनच्या मध्यावर साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले. आम्ही फ्लोरिडात, ऑर्लँडोजवळ राहतो. पोर्ट कॅनॅव्हरल हे क्रूझचं मोठं बंदर आमच्यापासून गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. धाकटा भाऊ आणि भावजय जूनच्या शेवटी न्यू जर्सी सोडून टॅम्पाला राहायला आले. इतक्या वर्षांनी सगळी एका राज्यात आलो होतो, म्हणून ठरलं की दिवाळीच्या आधी चार रात्रींची बहामाजची क्रूझ करायची. मी, नवरा, आमची दहा वर्षांची मुलगी, भाऊ, भावजय, आई आणि बाबा अशी सात माणसं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, सोमवारी निघून शुक्रवारी परत.

बुकिंग माझ्याकडे आलं. पाच आठवडे हातात होते. साइटवर तारीख टाकली की खाली चौकटींची एक रांग दिसते: फ्लोरिडाचे रहिवासी, ५५ वर्षांवरील प्रवासी, सैन्यदल, पोलीस आणि अग्निशमन, पूर्वी आमच्या जहाजाने गेलेले. चौकटीत खूण केली की भाडं बदलतं. खूण करताना कोणी काही विचारत नाही. आमच्या ओळखीतले बरेच जण म्हणूनच दोनपैकी एक चूक करतात. एक तर ‘आपण कुठले रेसिडेंट’ म्हणून चौकट सोडून देतात, नाहीतर जी स्वस्त दिसेल तिच्यावर खूण करून मोकळे होतात. आमच्या घरात या दोन्ही चुका होता होता राहिल्या.

रेसिडेंट या एका शब्दाचे चार अर्थ

फोनवर भाऊ पहिलंच वाक्य बोलला ते असं, “ताई, मी एच-१बीवर आहे, मला रेसिडेंट रेट कसा मिळेल?”

एच-१बी म्हणजे इथल्या नोकरीसाठी मिळणारा व्हिसा. भावाची चूक नव्हती. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या माणसांच्या कानावर हा शब्द रोज आदळतो आणि दर वेळी त्याचा अर्थ वेगळा असतो. ग्रीन कार्डवाला तो पर्मनंट रेसिडेंट, हा इमिग्रेशनचा अर्थ. कर भरताना एच-१बीवरचा माणूसही इथल्या दिवसांच्या हिशेबाने रेसिडेंट ठरू शकतो, हा करखात्याचा अर्थ. भारतातल्या बँकेत तोच माणूस अनिवासी असतो. आणि चौथा अर्थ एवढाच की तुमचं राहतं घर या राज्यात आहे. क्रूझच्या सवलतीला हा चौथा अर्थ लागतो. व्हिसा कुठला, नागरिकत्व कुठलं, याच्याशी तिचा संबंध नाही. टॅम्पात भाड्याने घर घेऊन राहणारा एच-१बीवाला फ्लोरिडाचा रहिवासी आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये राहून फ्लोरिडातलं घर भाड्याने दिलेला अमेरिकन नागरिक नाही.

बाबांना वाटत होतं की अधिवासाच्या दाखल्यासारखं काहीतरी काढावं लागेल. आमच्या वेळी कॉलेजच्या प्रवेशाला तहसील कचेरीतून तो दाखला काढला होता, पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जोडून. इथे वर्षांची अट नाही. आजचा पत्ता काय आणि तो सरकारी ओळखपत्रावर आहे का, एवढंच बघतात. ऐकायला हे फार सोपं वाटतं. आमचं घोडं नेमकं ओळखपत्रापाशीच अडलं, ते पुढे येईलच.

कंपन्या ही सवलत का देतात हे समजलं की तिचा शोध कधी घ्यायचा तेही कळतं. जहाज निघालं की रिकामी केबिन वाया गेली. शिवाय माणूस जहाजावर चढला की दारू, फोटो, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली यांवर खर्च करतो, त्यामुळे कमी भाड्यातही भरलेली केबिन कंपनीला परवडते. आता महिनाभर आधी रिकाम्या राहिलेल्या केबिन कोण घेणार? शिकागोच्या माणसाला विमानाचं तिकीट काढावं लागतं आणि ते ऐन वेळी महाग असतं. ऑर्लँडोचा माणूस बॅग गाडीत टाकतो आणि निघतो. म्हणून बंदराजवळच्या राज्याला सवलत. मायामी, फोर्ट लॉडरडेल, पोर्ट कॅनॅव्हरल, टॅम्पा यांच्यासाठी फ्लोरिडा, गॅल्व्हेस्टनसाठी टेक्सास, लॉस एंजेलिसच्या बाजूच्या बंदरांसाठी कॅलिफोर्निया. ती प्रत्येक जहाजाला, प्रत्येक तारखेला नसते. आधी बुकिंग केलेल्या प्रवाशांनी पूर्ण पैसे भरायची मुदत उलटली की किती केबिन रिकाम्या राहिल्या ते कंपनीला दिसतं. छोट्या क्रूझला ही मुदत साधारण अडीच महिने आधी आणि लांबच्या क्रूझला तीन महिने आधी असते. त्यानंतर हे भाव जास्त दिसायला लागतात. आम्ही पाच आठवडे आधी बघत होतो, म्हणजे अगदी त्याच काळात.

आकडे

आतल्या, खिडकी नसलेल्या केबिनचं नेहमीचं भाडं माणशी ४२० डॉलर होतं. ज्येष्ठांचा भाव ३७५, फ्लोरिडाच्या रहिवाशांचा ३३०. त्याहून स्वस्त असा एक ३०५ चाही होता, पण त्यात केबिन कंपनी नेमून देणार, आपल्याला निवडता येणार नाही. तिसऱ्या माणसाला, म्हणजे आमच्या मुलीला, सगळीकडे २०० डॉलर.

माणशी ४२० चे ३३० झाले, म्हणजे २१ टक्क्यांहून जास्त सूट. मात्र कर आणि बंदराचे आकार माणशी १४० डॉलर होते, आणि जहाजावरच्या नोकरवर्गाची टिप माणशी रोज १८ डॉलर, चार दिवसांचे ७२. यांवर कुठलीही सवलत लागत नाही. दहा वर्षांच्या मुलीलाही ते पूर्ण भरावे लागतात. सात जणांचा नेहमीच्या भावाने हिशेब ४,२०४ डॉलर येत होता, तिन्ही केबिन रहिवासी भावाने घेतल्या तर ३,६६४. वाचणार होते ५४० डॉलर, एकूण खर्चाच्या तेरा टक्क्यांच्या आसपास. सवलतीची टक्केवारी मूळ भाड्यावर सांगतात आणि आपण ती खिशातून जाणाऱ्या सगळ्या पैशांवर मोजतो, म्हणून शेवटचा आकडा बघून वाईट वाटतं. मी पहिल्यापासून शेवटच्या पानावरचेच आकडे वहीत लिहिले, वरच्या रंगीत पट्टीवरचे नाहीत.

सवलत माणसाला नसते, केबिनला असते

आईला एसटीचा नियम माहीत. तिच्या अर्ध्या तिकिटावर तीच बसते. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटी फुकट झाली तेव्हा शेजारच्या काकांचं तिकीट माफ झालं, काकूंचं नाही, कारण काकूंचं वय भरत नव्हतं. रेल्वेतही ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद होईपर्यंत असंच होतं, ज्याचं वय त्याची सूट. त्यामुळे आईने धरलं होतं की रहिवासी सवलत आम्हा तिघांना मिळेल आणि तिला आणि बाबांना पूर्ण भाडं पडेल.

क्रूझचा हिशेब केबिनवर चालतो. आम्ही निवडलेल्या कंपनीचा नियम असा होता की केबिनमधला एक माणूस पात्र असला की त्या केबिनमधल्या सगळ्यांना तो भाव. इतर बऱ्याच कंपन्यांचंही हेच आहे. ज्येष्ठांच्या भावालाही तसंच, दोघांपैकी एक ५५ च्या वर असला की पुरे. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर एका केबिनला एकच भाव. ज्येष्ठही आणि रहिवासीही असं दोन सवलती एकावर एक चढवून चालत नाही.

म्हणून प्रश्न असा उभा राहिला की कोणी कोणाबरोबर राहायचं. आई-बाबा एकत्र राहिले तर त्यांना ज्येष्ठांचा ३७५ चा भाव मिळणार होता, रहिवाशांचा नाही, कारण त्यांचं घर साताऱ्यात. पाहुणा म्हणून सहा महिने माझ्या घरी राहिल्याने कोणी फ्लोरिडाचा रहिवासी होत नाही. मग आम्ही असं केलं: मी, आई आणि मुलगी एका केबिनमध्ये, नवरा आणि बाबा दुसऱ्या केबिनमध्ये. मधे दार असलेल्या जोडकेबिन मागितल्या. ३०५ चा भाव सोडून ३३० चा घेतला तो याचसाठी, कारण कंपनीने नेमलेल्या केबिनमध्ये जोडकेबिनची खात्री नसते. दोन्ही केबिनमध्ये फ्लोरिडाचं ड्रायव्हिंग लायसन्स, म्हणजे इथला पत्ता असलेलं सरकारी ओळखपत्र, असलेला एक जण होता. ज्येष्ठांच्या भावाच्या तुलनेत आई-बाबांच्या भाड्यात मिळून ९० डॉलर वाचले.

पुष्कळ कुटुंबं बुकिंग असं करतात आणि जहाजावर गेल्यावर खोल्या बदलून घेतात. मला ते पटलं नाही. आणीबाणीत कोणी कुठे जमायचं ते केबिनवरून ठरतं, खलाशी हजेरी घेतात ती यादीवरून, आणि सत्तरी ओलांडलेला माणूस यादीत एका जागी आणि प्रत्यक्षात दुसरीकडे असावा हे मला नको होतं. आम्ही बुकिंगप्रमाणेच झोपलो. दिवसा मधलं दार उघडं असायचं, रात्री आई आणि नात गप्पा मारत जागायच्या. सासरे-जावई पहाटे साडेचारला उठून डेकवर चालायला जायचे, कारण बाबांची फौजेतली सवय अजून गेलेली नाही.

बाबांचं कार्ड

सैन्यदलाची चौकट बघून बाबांनी पाकिटातून त्यांचं माजी सैनिकाचं ओळखपत्र काढलं. ते मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. साताऱ्याकडे घरटी एक जवान असलेली गावं आहेत, तिथे हे कार्ड बँकेत, दवाखान्यात, कँटीनमध्ये मानाने घेतलं जातं. “हे चालंल का गं इथं?” त्यांनी विचारलं.

नियम मी दोनदा वाचला. अमेरिकेच्या आणि कॅनडाच्या सैन्यदलांत असलेले, निवृत्त झालेले आणि त्यांचे जोडीदार, एवढ्यांनाच ती सवलत होती. चौकटीत खूण केली असती तर साइटने भाव दाखवला असता. त्यानंतर पडताळणीला कागद मागतात, सेवेतल्याचं ओळखपत्र किंवा सेवामुक्तीचं प्रमाणपत्र. बाबांना सांगताना जीभ जड झाली. ते म्हणाले, “बरोबर हाय. त्यांनी त्यांच्या माणसांना द्यायचं, आपलं आपल्यांनी.” आणि कार्ड परत पाकिटात ठेवलं. मला आजही वाटतं की कुठल्याही देशाच्या गणवेशात आयुष्य घालवलेल्या माणसासाठी जहाजावर किमान एक शब्द असावा. भाड्यातून पैसे कापले नाहीत तरी चालतील.

बाकी सवलती आम्ही भराभर तपासल्या. पूर्वीच्या प्रवाशांचा भाव लागू नव्हता, आमची ही पहिलीच वेळ. शेअरधारकांना मोठ्या क्रूझ कंपन्या जहाजावर खर्चायला काही रक्कम देतात, पण किमान १०० शेअर लागतात. नवऱ्याच्या एका मित्राने ते घ्यायचा सल्ला दिला. चार रात्रींच्या प्रवासासाठी शेअर घेणं मला उलटा हिशेब वाटला. विमान कंपनीत काम करणाऱ्यांसाठी वेगळे भाव असतात, आमच्यात तसं कोणी नाही.

भावाचं लायसन्स

तिसरी केबिन भाऊ-भावजयीची. दोघं टॅम्पात राहतात, भाडेकरार आहे, विजेचं बिल नावावर आहे. लायसन्स मात्र दोघांचंही न्यू जर्सीचं, एडिसनच्या जुन्या पत्त्याचं. फ्लोरिडात राहायला आल्यापासून तीस दिवसांत इथलं लायसन्स काढावं लागतं. नवी नोकरी, सामानाची हलवाहलव यांत ते राहून गेलं होतं.

मी कंपनीला फोन केला. पहिल्या बाईंनी सांगितलं, विजेचं बिल आणि भाडेकरार आणा, पुरेसं आहे. खात्रीसाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला तर दुसरे गृहस्थ म्हणाले, फोटो असलेलं सरकारी ओळखपत्रच लागेल, त्यावर फ्लोरिडाचा पत्ता हवा. दोघंही एकाच कंपनीचे. मी लेखी मागितलं, तेव्हा अटींचं पान पाठवलं गेलं. त्यात फक्त ‘वास्तव्याचा पुरावा’ एवढंच होतं, आणि पुरावा न दिल्यास त्या दिवशीच्या भावातला फरक वसूल करण्याचा हक्क कंपनीने राखून ठेवला होता. त्या दिवशीचा भाव म्हणजे ४२० असेलच असं नाही, जास्तही असू शकतो. ही संदिग्धता मला खटकते. सात माणसांचं कुटुंब बंदरावर सामान देऊन उभं असताना असा वाद कोणी घालू शकत नाही, आणि कंपनीला ते माहीत असतं.

भावाने दोन तोडगे सुचवले. एक, ‘माझ्या लायसन्सवर न्यू जर्सी आहे, तर न्यू जर्सीची चौकट लावू.’ त्या जहाजाला न्यू जर्सीची सवलत नव्हतीच, आणि असती तरी तो आता तिथे राहत नाही. दुसरा, ‘तुझ्या घरचा पत्ता टाकू, विचारलं तर तू आहेसच.’ त्यावर मी नाही म्हटलं आणि थोडी चिडलेही. व्हिसावर असलेल्या माणसाने कुठल्याही फॉर्मवर खोटा पत्ता देऊ नये, मग तो फॉर्म माणशी नव्वद डॉलरच्या सवलतीचा का असेना. खरा पत्ता टॅम्पाचा होता आणि तो पात्र होता. राहिला होता तो फक्त एक कागद.

फ्लोरिडात लायसन्स जिल्ह्याच्या टॅक्स कलेक्टरच्या कार्यालयात मिळतं, हे नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. भावाने अपॉइंटमेंट घेतली. पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेत कधी आलो आणि कधीपर्यंत राहता येईल याची सरकारी नोंद), एच-१बीची मंजुरीची नोटीस, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि पत्त्याचे दोन पुरावे घेऊन गेला. डोळे तपासले, न्यू जर्सीचं लायसन्स काढून घेतलं, ४८ डॉलर आणि कार्यालयाचा ६.२५ डॉलर आकार भरला, आणि कार्ड तिथल्या तिथे छापून हातात मिळालं. व्हिसाची ऑनलाइन पडताळणी कधीकधी अडकते, तेव्हा लगेच कार्ड मिळत नाही. म्हणून क्रूझच्या आठवड्यावर हे काम ढकलू नये. कार्ड हातात आल्याच्या संध्याकाळी मी तिसरी केबिन रहिवासी भावाने बुक केली. मधल्या चार दिवसांत भाव हलला नाही, हे आमचं नशीब.

दहा दिवसांनी तो आणखी ३० डॉलरने उतरला. मी फोन केला. आमचे पूर्ण पैसे भरून झाले होते, त्यामुळे फरक मिळाला नाही. पूर्ण पैसे भरायच्या मुदतीआधी भाव उतरला तर बदलून मागता येतो, नंतर कंपनीच्या मर्जीवर. शेवटच्या काळातल्या सवलतीची ही किंमत आहे आणि ती मला मान्य आहे.

आमच्याबरोबर येणार होतं ते जोडपं

भाऊ-भावजयीचे टॅम्पातले मित्र याच भावाने येणार होते. फ्लोरिडाचं लायसन्स होतं, रहिवासी म्हणून पूर्ण पात्र. पण त्यांच्या पासपोर्टवरच्या एच-१बीच्या शिक्क्याची, म्हणजे व्हिसाची, मुदत संपली होती. मंजुरीची नोटीस चालू होती, म्हणजे अमेरिकेत राहणं कायदेशीर, पण बाहेर जाऊन परत यायला शिक्का लागतो. तीस दिवसांच्या आत कॅनडा किंवा मेक्सिकोला जाऊन आलं तर संपलेल्या शिक्क्यावर परत येता येतं, असा नियम आहे, आणि त्याच भरवशावर ते होते. बहामाज त्यात येत नाही. जवळच्या बेटांची मुभा एफ आणि जे या विद्यार्थी-संशोधक व्हिसांपुरतीच आहे.

जहाज फ्लोरिडातून निघून फ्लोरिडातच परत येत असल्याने आपण देशाबाहेर गेलोच नाही, असा समज फार पसरलेला आहे. अमेरिकन नागरिकांना अशा फेरीत कागदांची ढील असते, व्हिसावाल्यांना नाही. जहाज परदेशी बंदराला लागणारच, कारण १८८६ च्या कायद्याने परदेशी झेंड्याच्या जहाजांना अमेरिकेच्या बंदरांतली वाहतूक आपल्याआपल्यात करता येत नाही, आणि बहुतेक क्रूझ जहाजं बहामाज किंवा पनामाच्या झेंड्याखाली चालतात. ते जोडपं आलं नाही. त्यांनी पैसे भरायच्या आधी भावजयीने पासपोर्ट उघडून बघायला सांगितलं, म्हणून त्यांचे पैसे वाचले.

बंदरावर

सोमवारी अकराच्या सुमाराला पोहोचलो. बंदरावरच्या पार्किंगला चार रात्रींसाठी पाच दिवसांचे पैसे पडतात, ते वहीत धरायचे राहिले होते. सात पासपोर्ट, आई-बाबांचे बी-२, म्हणजे पाहुण्यांचे, व्हिसा, बोर्डिंग पास आणि तिघांची लायसन्स मी एका फाइलमध्ये लावली होती. चेक-इनच्या टेबलावर नवऱ्याला लायसन्स मागितलं, पत्ता बघितला आणि परत दिलं. मला विचारलं नाही. भावाच्या टेबलावरही कोणी विचारलं नाही, त्याचं नवीन कार्ड फाइलमध्येच राहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काही बोलले नाही. विचारलं असतं तर आमच्याजवळ होतं, आणि चार दिवस ती धास्ती घेऊन जेवायला बसायचं नव्हतं, एवढं मला पुरे होतं.

परतीच्या शुक्रवारी सकाळी अधिकाऱ्याने आई-बाबांचे पासपोर्ट बघितले आणि पुढे सोडलं. भावाला वाटत होतं की बाहेर जाऊन आल्याने त्यांना नवे सहा महिने मिळतील. तसं धरून चालू नये. घरी आल्यावर मी दोघांची आय-९४ ऑनलाइन उघडून पाहिली. तारीख जुनीच होती, डिसेंबरच्या मध्याची. त्यांचं मुंबईचं तिकीट तिच्या नऊ दिवस आधीचं काढलेलं होतं, ते तसंच ठेवलं.